नववं षटक

शरच्चंद्र सरांच्या सांगलीतल्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालायची जी जागा होती, तिथे त्या जानेवारीत सरांनी वह्या वाळत घातल्या होत्या. सरांच्या बायकोला, पद्माताईंना, हे अजिबात पसंत नव्हतं. वह्यांचं आणि पद्माताईंचं जुनं वाकडं होतं. २०१९च्या महापुरात घरात कमरेएवढं पाणी शिरलं, तेव्हा सरांनी आधी या वह्या पाठीवर मारून वरच्या मजल्यावर नेल्या आणि मग फ्रिजचं काय करायचं ते विचारलं. तोवर फ्रिज तरंगायला लागला होता. पद्माताईंनी ते अजून माफ केलेलं नाही.

वह्या होत्या सत्तेचाळीस. कृष्णाकाठ ढाल स्पर्धेच्या, एका वर्षाला एक. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या गावांचे संघ दर वर्षी या ढालीसाठी चाळीस षटकांचे सामने खेळत आले, त्याला आता पन्नास वर्षं होत होती. कोरोनाची दोन वर्षं मध्ये कोरी गेली, ती धरून पन्नास. सरांनी आयुष्यभर गणित शिकवलेलं, त्यांना ही बेरीज पटत नव्हती. पण समितीचा नवा चिटणीस निमिष म्हणाला, "सर, लोकांना पन्नास आवडतं." निमिष दातांचा डॉक्टर, त्यामुळे समोरच्याचं तोंड बंद कसं करायचं हे त्याला बरोबर कळायचं. त्याने स्मरणिकेसाठी ढालीचा इतिहास लिहायचं काम सरांच्या गळ्यात घातलं. एकोणऐंशी सालापासून चाळीसेक वर्षं गुणलेखक म्हणून टेबलाशी बसलेला माणूस दुसरा होताच कोण?

सरांनाही हुरूप आला होता. लिहिण्यासारखं काय कमी होतं! पहिल्या वर्षी सामने पंचेचाळीस षटकांचे होते. ते चाळीसवर आले ते काही क्रिकेटच्या हितासाठी नव्हे. कोयनानगरच्या संघाची घाटातली शेवटची एसटी सव्वापाचला सुटायची, आणि पहिल्याच स्पर्धेत त्यांचे शेवटचे दोन फलंदाज पॅडसकट एसटी पकडायला पळाले होते. त्र्याऐंशी साली त्याच कोयनानगरला गोलंदाज धावत येत असताना जमीन हलली, यष्ट्यांवरच्या बेल्स आपोआप खाली पडल्या, आणि फलंदाज बाद की नाबाद यावर अर्धा तास भांडण झालं. धरण जागेवर आहे का, हे कुणी विचारलं नाही. आणखी एक नियम या ढालीचा खास होता. पट्ट्यात घरटी एक माणूस फौजेत, म्हणून प्रत्येक संघाला सुट्टीवर आलेले दोन जवान ऐनवेळी खेळवता यायचे. अंतिम सामना जत्रेनंतरच्या रविवारी असायचा तोही त्याचसाठी, कारण जत्रेला जवान हमखास घरी येत.

अठरा वर्षांचं सगळं सरांनी पंधरा दिवसांत लिहून काढलं. एकोणीस नंबरची वही मात्र त्यांनी गच्चीवरसुद्धा नेली नव्हती. ती कपाटात उभी होती.

"एकोणिसाव्या वहीला तेवढं ऊन नको का?" पद्माताईंनी एकदा विचारलं.

"ती कोरडी आहे," सर म्हणाले.

एके सकाळी निमिष स्कूटरवरून आला आणि उभ्याउभ्याच बोलला. "सर, चौऱ्याण्णवच्या फायनलवर एक वेगळी चौकट हवी. आपल्या स्पर्धेत मैदानावर चेंडू लागून गेलेला एकच खेळाडू. शीर्षकसुद्धा ठरवलंय, 'तो एक चेंडू'. हंबीररावांचा फोटो मिळालाय, लष्कराच्या वर्दीतला. तुम्ही फक्त शंभर शब्द द्या, त्यांच्या त्या चेंडूबद्दल."

"त्यांचा फोटो कशाला?"

"चेंडू त्यांनीच टाकला ना, सर."

"अर्जुनाचा फोटो लाव."

"तोही लावू. शेजारी शेजारी." निमिषला यात काही वावगं दिसत नव्हतं. दोन दिवसांत मजकूर द्या, छापखाना थांबलाय, एवढं सांगून तो गेला.

सर खुर्चीत बसून राहिले. एवढी वर्षं लोक बोलत होते ते वाऱ्यावर होतं. आता ते छापून येणार होतं. मारणाऱ्याचा आणि मेलेल्याचा फोटो शेजारी शेजारी, दोन जिल्ह्यांतल्या घराघरांत. आणि त्या चौकटीत खरं तर ज्याचा फोटो हवा, तो माणूस चष्मा पुसत शंभर शब्द लिहिणार होता. सरांना स्वतःची किळस आली.

त्यांनी कपाट उघडलं.

चौऱ्याण्णवचा अंतिम सामना रहिमतपूरला झाला होता, रहिमतपूर विरुद्ध लोणंद. मैदानावर चटई ताणून खिळे ठोकलेले, बाजूला जत्रेचे पाळणे अजून उतरवले नव्हते. गुणलेखकाच्या टेबलावर शाळेतली पितळी घंटा. ती घंटा हे सरांचंच डोकं. चाळीस षटकांच्या सामन्यात एका गोलंदाजाला आठच षटकं टाकता येतात, आणि पंच तर धावा मोजतानाच घामाघूम झालेले असत. म्हणून गोलंदाजाची आठ षटकं पुरी झाली की टेबलावरून घंटा वाजवायची. घंटा झाली की त्याचा चेंडू काढून घ्यायचा, मग तो कुणी का असेना. गुणपत्रिकाही सांगलीतल्या छापखान्यातून खास छापून घेतलेल्या. प्रत्येक गोलंदाजाच्या नावापुढे बरोबर आठ चौकोन.

हंबीरराव तेव्हा चोवीस वर्षांचा लान्सनायक. महिन्याच्या सुट्टीवर आलेला, मंगळवारी परत जायचा. असा वेगवान गोलंदाज ढालीने त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. सर दोन्ही जिल्ह्यांना सारखे असायला हवेत, ते तसे होतेही, पण हंबीरराव धावत यायला लागला की सरांच्या हातातली पेन्सिल थांबायची. तो त्यांचा लाडका होता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

लोणंदला एकशे बहात्तर हवे होते. तेहेतिसाव्या षटकात त्यांचा सातवा गडी बाद झाला, आणि सरांच्या शेजारी दुसरी वही लिहीत बसलेला लोणंदचा मानसिंग पॅड बांधायला उठला, कारण तो अकरावा गडी होता. टेबलावर सर एकटेच उरले. चौतिसावं षटक हंबीररावाचं. छत्तिसावंही त्याचंच, आणि त्यात त्याने आठवा गडी त्रिफळाचीत केला. झालं. रहिमतपूरची पोरं गुलाल घेऊन आत घुसली. मूठभर गुलाल टेबलावर, वहीवर, सरांच्या चष्म्यावर. सर शर्टाच्या टोकाने पान पुसत राहिले, आणि पान पुसता पुसता घंटा राहून गेली.

अडतिसावं षटक. लोणंदला अठरा चेंडूंत एकोणीस हव्या होत्या, समोर पंचेचाळीसवर खेळणारा अर्जुना. लोणंदचा हा गडी नुसता बॅट घेऊन उभा राहिला तरी लोक पुढे सरकून बसत. चेंडू पुन्हा हंबीररावाच्या हातात. पहिला चेंडू पडला, धाव नाही. सर टिंब द्यायला गेले आणि त्यांना टिंब द्यायला चौकोनच सापडेना. आठही भरले होते.

त्यांनी ते टिंब समासात दिलं. हात घंटेकडे गेला. घंटा वाजवली असती तर सगळं मैदान थांबलं असतं, आणि आधीची घंटा का चुकली हे सरांना पाच हजार माणसांसमोर सांगावं लागलं असतं. त्या सरांना, ज्यांची वही कधी चुकत नाही म्हणून पोरं कान पकडत. आता पाचच चेंडू तर उरलेत, त्यांना वाटलं. होऊ दे षटक, मग बघू. दुसऱ्या चेंडूवर दोन धावा गेल्या. हंबीरराव परत निघाला, कपाळावरचा घाम बोटाने निपटला आणि टेबलाकडे बघितलं. सरांनी वहीत मान घातली.

तिसरा चेंडू आखूड पडला, खिळ्यापाशी उसळला आणि अर्जुनाच्या कानामागे बसला. तेव्हा हेल्मेट कुणाकडे होतं? अर्जुना पडला, उठला, पाणी प्यायला. हंबीररावाच्या पाठीवर थाप मारून "लय भारी, गड्या" म्हणाला आणि आपल्या पायांनी बाहेर जाऊन झाडाखाली बसला. खेळ पुढे झाला. रहिमतपूरने चार धावांनी ढाल जिंकली. ढोल वाजत असताना अर्जुनाला उलटी झाली. मग जीप, मग साताऱ्याचं हॉस्पिटल.

मैदानावर पेन्सिल आणि घरी शाई, अशी सरांची रीत होती. सोमवारी सकाळी शाळेला जायच्या आधी ते शाई करायला बसले. तोवर निरोप हाच होता की अर्जुना शुद्धीवर येतोय. सरांनी समासातलं ते नववं षटक खोडरबराने पुसलं. चौतिसावं षटक हंबीररावाच्या नावावरून काढून सूरज नावाच्या दुसऱ्या गोलंदाजाच्या नावावर घातलं, कारण त्याची सातच झाली होती. छत्तिसावं आणि अडतिसावं एकेक चौकोन अलीकडे ओढलं. सगळ्यांची बेरीज जुळली. दुपारी मानसिंग आला, त्याने आपली राहिलेली पानं सरांच्या वहीवरून उतरवून घेतली. दोन्ही वह्या जुळल्या. बुधवारी अर्जुना गेला. वहीत तो आजही नाबाद सत्तेचाळीस आहे.

निमिष येऊन गेला त्या संध्याकाळी सरांनी पद्माताईंना सगळं सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पद्माताई भाजी निवडत होत्या, त्यांचे हात थांबले नाहीत.

"मग आता काय करणार?"

"छापणार. खरं ते लिहिणार. त्या माणसाने त्यानंतर चेंडू हातात धरला नाही, माहीत आहे तुला? लोणंदला अर्जुनाच्या बायकोकडे, बनुबाईकडे, भाऊबीजेला जातो तो दर वर्षी. सीमेवर असला तर पोस्टाने साडी पाठवायचा. गुन्हा माझा आणि शिक्षा तो भोगतोय. निदान त्याचं ओझं तरी उतरेल."

"त्याचं, की तुमचं?" पद्माताई म्हणाल्या. सरांना राग आला, आणि तो खरं ऐकल्याचा राग होता. ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी वही पिशवीत घालून ते पॅसेंजरने रहिमतपूरला उतरले. हंबीरराव आता सुभेदार म्हणून निवृत्त, पंचावन्नचे, कंबर ताठ. त्यांच्या शेतात ऊसतोड चालली होती. सरांना बघून ते बांधावरून जवळजवळ पळतच आले.

"आवं सर, तुमी कशाला आलासा? फोन करायचा, मी आलो असतो की!" त्यांनी झाडाखाली पोतं अंथरलं, तांब्या दिला. सरांनी पाणीही घेतलं नाही. पाणी घेतलं असतं तर धीर सुटला असता. त्यांनी वही काढली आणि उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. घंटा, गुलाल, समासातलं टिंब, सोमवारची शाई.  "ते षटक तुमचं नव्हतंच, हंबीरराव. माझ्यामुळे तुमच्या हातात चेंडू राहिला. तुमच्यावर कसलाही दोष नाही. मी हे छापणार आहे."

हंबीररावांनी वहीकडे बघितलंही नाही. त्यांनी एक उसाचं पातं उचललं आणि ते मधोमध फाडत बसले.

"मला ठावं हुतं," ते म्हणाले.

"काय?"

"नववी ओव्हर हुती त्ये. आवं सर, बॉलरला आपल्या ओव्हरी पाठ असत्यात. कॅप्टननं चेंडू दिला तवा म्या म्हनलं, माझ्या संपल्यात की रं. त्यो म्हनला, घंटा न्हाई झाली, म्हंजी शिल्लक हाय, वड गुमान. मला बी टाकायचीच हुती. परवा परत जायाचं, फुडल्या साली जित्ता असंन का न्हाई कुनी बघितलंय. दोन चेंडू टाकलं आन मन खायाला लागलं. म्हनून तुमच्याकडं बघितलं. म्हनलं, सरांनी मान हलवली तर थांबतो. तुमी मान खाली घातली."

सर पोत्यावर बसले. 

"सत्त्याण्णवात मी तुमच्या घरी आलतो, याद हाय का? वही बघायला मागितली हुती. तुमी च्या सांगाय आत गेलासा, म्या पान उघडलं. माझ्या नावावर आठच. म्हनलं, सरांनी मला वाचवलं."

"मी स्वतःला वाचवलं होतं."

"त्ये आज कळलं." हंबीररावांनी पातं टाकून दिलं. "मंग म्या ठरवलं, सरांनी झाकलंय तर आपुन उघडं करायचं न्हाई. पर सर, बनुबाई दर साली पाट मांडती. पाटाभवती रांगोळी काढती. मला बसवती, ववाळती, आन ववाळताना म्हनती, 'दादा, खेळात झालं, मनाला लावून घिऊ नगा.' तवा त्या पाटावर बसवत न्हाई. खाली निखारं असल्यावानी हुतं."

 ऊसतोडीच्या कोयत्यांचा आवाज तेवढा येत होता. मग सर म्हणाले की छापून आल्यावर तिला दुसऱ्याच्या तोंडून कळण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं. हंबीरराव घरात जाऊन शर्ट बदलून आले आणि जीप काढली. निमिषला छापखाना आणखी एक दिवस थांबवायला सांगता आला असता, पण आता थांबायचं कशाला, असं दोघांनाही वाटत होतं. खरं बोलायचं ठरलं की माणसाला एक प्रकारची घाईच होते.

लोणंदला बनुबाईचं घर बाजाराच्या मागच्या अंगाला. नवरा गेल्यापासून ती व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कांदे निवडायला जायची. त्यावर तिने पोरगा शिवतेज वाढवला, शिकवला, तो आता पुण्याला कंपनीत. बाई कामावरून नुकतीच आली होती, हातपाय धूत होती. हंबीररावांना बघून तिचा चेहरा उजळला.

"दादा! आज कसं काय? भाऊबीज तर झाली की! आन सर बी?" तिने चटई टाकली आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं. "बसा, टाकते लगेच."

"बनुबाई, आधी बस," हंबीरराव म्हणाले.

सांगायचं सरांनीच. वर्गात सगळ्यात ढ पोराला समजावावं तसं त्यांनी सावकाश, एकेक पायरी करून सांगितलं. आठ षटकांचा नियम. घंटा. तिने वही मागितली. तिला वाचता बेताचंच यायचं, पण अंक कळत होते. सरांनी दाखवलेल्या ओळीवर ती बोट ठेवून मोजायला लागली. एक, दोन, तीन... आठ. मग सरांनी तिचं बोट समासाकडे नेलं. पुसलेली पेन्सिल दिसत नव्हती, पण कागदावर तिचा खळगा राहिला होता. ते बोटाला लागत होतं. एक टिंब, मग एक दोनचा आकडा, मग पुन्हा एक टिंब. पुढे काही नाही, ते षटक दुसऱ्याने पुरं केलं होतं.

"ह्यो?" तिने शेवटच्या टिंबावर बोट ठेवलं.

"हो. तो."

तिने बोट तिथून काढलं नाही. "म्हंजी ह्यो चेंडू पडायचाच नव्हता."

सरांनी पुष्कळ काही ठरवून आणलं होतं. एवढंच बोलता आलं, "नाही."

"घंटा वाजली असती तर?"

"तर चेंडू दुसऱ्याच्या हातात गेला असता."

"आन तुमाला ठावं हुतं." ते ती सरांना म्हणाली, आणि मग हंबीररावांकडे वळून तेच पुन्हा म्हणाली, "आन तुमाला बी ठावं हुतं, दादा."

हंबीररावांनी मान डोलावली.  त्यांनी पुढे होऊन तिच्या पायावर डोकं ठेवलं. बनुबाईने पाय आखडून घेतले.

"उठा," ती म्हणाली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं सरांना नंतर पुष्कळदा वाटलं. "माझी सासू मरंपातूर म्हनायची, त्याचं आवुक्ष तेवढंच हुतं. मी बी तेच धरून बसली. शिवतेज बारका असताना इचारायचा, आई, बाबाला कुनी मारलं? मी म्हनायची, कुनी न्हाई रं बाळा, खेळात झालं. लोक दादांचं नाव घ्यायचं तर मी भांडायची लोकांशी. माझ्या भावाला बोलायचं न्हाई, म्हनायची. एकतीस साड्या न्हेसले मी तुमच्या, दादा. एकतीस."

तिने पुन्हा एकदा त्या खळग्यावरून बोट फिरवलं.

"देवानं न्हेलं म्हनलं का देवाशी भांडता येतं, आन दमलं का गप बसता बी येतं. ह्ये तुमी आज काय आनून दिलंसा माझ्या हातात? आता मी शिवतेजला काय सांगू? तुमचं दोघांचं हलकं झालं असंल. मी कुठं ठिऊ ह्ये?"

छापू का, असं सरांनी विचारलं; नको म्हणालात तर छापणार नाही, म्हणाले. बाईने त्यांच्याकडे अशी नजर टाकली की चाळीस वर्षं वर्ग गप्प करणारा तो मास्तर खाली बघायला लागला.

"आता इचारतासा? घंटा वाजवायच्या टायमाला गप बसलासा, आन आता इचारतासा. लिवा. नऊ लिवा. खरं हाय तर लिवा." तिने वही मिटून त्यांच्या हातात दिली आणि चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं. चहा टाकायचा राहिला होता. "अंधार पडायच्या आत निघा. रस्ता चांगला न्हाई."

 रहिमतपूर स्टेशनवर सर उतरले तेव्हा हंबीररावांनी स्टिअरिंगवरचा हात सोडला नाही आणि नमस्कारही केला नाही.

चौकट छापून आली. निमिषने खूप आढेवेढे घेतले, स्पर्धेची बदनामी होईल म्हणाला, पण सरांनी मजकूर बदलला तर सगळा इतिहास परत घेईन अशी धमकी दिली. फोटो एकच, अर्जुनाचा. खाली सरांचे शंभर शब्द, ज्यांत घंटा होती, खोडरबर होतं, आणि सर व हंबीरराव दोघांचीही नावं होती. स्मरणिकेच्या समारंभाला सर गेले नाहीत. काही जुने विद्यार्थी रस्त्यात भेटत, त्यांतले निम्मे वाकून नमस्कार करत आणि निम्मे दुकानातला माल बघायला लागत. शिवतेजचा पुण्याहून एकदा फोन आला. तो काही बोलला नाही, श्वास तेवढा ऐकू येत होता, मग त्याने फोन ठेवून दिला. सरांना वाटलं होतं की खरं सांगितलं की झोप लागेल. झोप काही लागली नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी पद्माताईंचा भाऊ जेवून नुकताच उठला होता. सरांचा फोन वाजला. हंबीररावांचा. जानेवारीनंतर पहिल्यांदाच.

"सर, लोनंदला आलोय."

सर उठून उभे राहिले. "घरी आहेत का बनुबाई?"

"हाय. दार उघडंच हुतं. या म्हनली. साडी दिली, तिनं घेतली. पिशवीतनं काढून फळीवर ठिवली."

"मग?" सरांच्या आवाजात आशा होती, ती त्यांना स्वतःलाच ऐकू आली.

"च्या दिला. लाडू दिला. पोरीबाळींची इचारपूस केली." हंबीरराव थांबले. मागून बाजारातल्या गाड्यांचा आवाज येत होता. "पाट मांडला न्हाई, सर. भिताडाला उभा हुता तसाच हाय. म्या वाट बघितली लय. आता कांदं निवडाय गेली ती, आज सुट्टी असून. मी हितंच बसलोय, फरशीवर."

 सरांनी फोन कानाला लावून ठेवला. हंबीररावांनीही बंद केला नाही. तिकडे कुणीतरी कांद्याच्या गोणी उतरवत होतं, त्या मोजल्याचा आवाज येत होता.

"उठा हंबीरराव," शेवटी सर म्हणाले. "घरी जा."

"जातो," हंबीरराव म्हणाले. "ती येऊ दे. ती आल्यावर जातो."